पाखरं राखायला

आमच्या गावात कुणी कामाशिवाय चालत नाही. चालायला बंदी नाही, पण रस्त्यात जो भेटेल तो "कुठं?" असं विचारतो आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. त्या उत्तरात काम असावं लागतं. रानात चाललो, दळण आणायला चाललो, बाजाराला गोरेगावची जीप धरायला चाललो, ही सगळी चालणारी उत्तरं. "फिरायला" हे उत्तर आमच्याकडे चालत नाही. ते दिलं की पुढचा प्रश्न "काहून?", म्हणजे कशासाठी, असा येतो, आणि त्याला काय सांगायचं हे कुणालाच माहीत नसतं.

पूर्वी एक सोय होती. हातात पाण्याचा डबा असला की कुणी कुणाला काही विचारत नसे. माणूस हवा तेवढा लांब जाऊन येई. पुढं घरोघरी संडास झाले. ते चांगलंच झालं, मी स्वतः शाळेत त्यावर भाषणं ठोकली आहेत. पण बिनकामाचं चालण्याचं शेवटचं इज्जतदार कारण त्याबरोबर गेलं, हे माझ्या ध्यानात आलं ते वडिलांच्या ऑपरेशननंतर.

वडिलांना मी आबा म्हणते. त्यांची बायपास उन्हाळ्यात नांदेडला झाली. सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. रोज सपाट जागेवर चालायचं, आणि एका प्लास्टिकच्या यंत्रातून श्वास ओढायचा. त्या यंत्रात तीन रंगीत गोळ्या असतात. श्वास ओढला की त्या एकामागून एक वर चढतात. तिन्ही वर गेल्या की छाती ठीक. मग मला बाजूला घेऊन डॉक्टर म्हणाले, "हे बसून राहिले तर अवघड आहे." मी शिक्षिका आहे, त्यामुळे लोक मला बाजूला घेऊन सांगतात. सगळ्या वाईट बातम्या मला अशाच कळलेल्या आहेत.

आबा पहिल्या दिवशी गावात चालायला निघाले. हातात काही नव्हतं. मारुतीच्या पारापर्यंत जाईस्तोवर अर्ध्या गावानं "कुठं?" विचारलं आणि आबांनी इमानदारीत "फिरायला" सांगितलं. संध्याकाळी माणसं घरी आली. आईनं चहा टाकला. एक जण दबक्या आवाजात आईला म्हणाला, "वहिनी, ऑपरेशन छातीचंच केलं ना?"

दुसऱ्या दिवसापासून आबा ओसरीतल्या बाजेवर बसले ते बसलेच. रान वाट्यानं तांड्यावरच्या काकांना दिलेलं होतं, त्यामुळे रानात जायचंही निमित्त नव्हतं. यंत्रातली पहिली गोळी टुणकन उडायची, दुसरी कशीबशी चढायची, तिसरी जागची हलायची नाही. आई रोज यंत्र पुसून पुन्हा देवळीत ठेवायची. देव पुसल्यासारखंच.

त्याहून वाईट म्हणजे आबांचा आवाज गेला. बोलत होते, पण समोरच्या माणसापुरतं. ज्यांनी आबांना आधी ऐकलेलं नाही त्यांना यात वाईट काय ते कळणार नाही, म्हणून सांगते. मी लहान असताना आमच्याकडे सगळी ज्वारी असायची. कणसात दूध भरलं की आबा दिवस उगवायच्या आत रानातल्या माळ्यावर चढत. माळा म्हणजे चार खांबांवर बांधलेलं लाकडी बसणं. कमरेला गोफण, पायाशी दगडांचा ढीग. पाखरं आली की आबा उभे राहून हाक देत. "हाऽऽऽ हाऽऽऽर्या!" ती हाक ओढा ओलांडून घरापर्यंत यायची. आई चुलीपुढं बसून ऐकायची आणि मगच न्याहारी बांधायला घ्यायची. हाक आली म्हणजे माणूस पोहोचला, ठीक आहे, भूक लागलेली आहे, असा सगळा निरोप त्या एका हाकेत असायचा.

आमचे खरे दुश्मन म्हणजे भोरड्या. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या, थंडीत ढगासारख्या थव्यानं यायच्या. वावरावर उतरल्या की वरून नुसतं वावर हललेलं दिसायचं. आबांनी जन्मभर त्यांच्याशी लढाई केली. मग ज्वारी गेली, सोयाबीन आलं. सोयाबीनला पाखरं तोंड लावत नाहीत. लढाई संपली आणि गोफण खुंटीला गेली. ती अजून तिथेच आहे.

मला भीती वाटत होती. उगाच आडून सांगत नाही. बाजेवर बसलेला माणूस रोज थोडा थोडा कमी होत जातो, हे मी बघत होते. माझी शाळा आणि घर हिंगोलीला; मी दर रविवारी तिथून गावी जायची, ओरडायची, परत यायची. ओरडणं हा माझा धंदाच आहे, पण आबा माझ्या वर्गात नव्हते.

शेवटी मी त्यांना हिंगोलीला आणलं. आमच्या घराजवळच्या मैदानावर सकाळी लोक गोल गोल चालतात. आबा कडेच्या बाकावर बसून बराच वेळ बघत राहिले.

"ह्यांचं काय हरवलंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही आबा. चालून राहिलेत. तब्येतीसाठी."

"मंग एकाच जागी काहून? दुसरीकडं बघा म्हनावं."

मी त्यांना उठवून एक फेरी मारायला लावली. दुसऱ्या फेरीत ते समोरून येणाऱ्याला "कुठं?" विचारायला लागले. आमच्याच कॉलनीतल्या एका साहेबांना त्यांनी दर फेरीला विचारलं. ते साहेब दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी चालायला लागले. आबा तिसऱ्या दिवशी गावी परतले.

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या नवऱ्याची रजा प्रवास सवलत वाया चालली होती. माझा नवरा सरकारी नोकर आहे. एखादी सवलत वाया जातेय म्हटल्यावर त्याला झोप येत नाही. त्याच्या ऑफिसातल्या एकानं कोकणातल्या एका खाडीकाठच्या राखीव जागेचं वर्णन केलं होतं. समुद्र, दलदल, पक्षी, चालायला सपाट वाट, मधे मधे बाक, चढ अजिबात नाही. नवरा हे पक्ष्यांच्या बाजूनं सांगत होता. मी फक्त "सपाट" आणि "चढ नाही" एवढंच ऐकलं. आणि तिथं आबांना ओळखणारं कुणी नव्हतं. कुणी "कुठं" विचारणार नव्हतं.

"समुद्र बघायला चला," मी म्हटलं.

"काहून?" आबा म्हणाले.

"तिकिटं काढलीत," नवरा म्हणाला. हे उत्तर मात्र आबांना पटलं. काढलेलं तिकीट वाया घालवणं त्यांच्याही रक्तात नाही.

आईनं धपाटे केले, ठेचा केला, शेंगदाण्याची चटणी केली आणि तीन गोळ्यांचं यंत्र साडीत गुंडाळून पिशवीत घातलं. नवऱ्यानं नवी दुर्बीण मागवली होती. ती त्यानं आधी गच्चीवरून शेजाऱ्यांवर तपासून घेतली. रेल्वे, मग भाड्याची गाडी, मग घाट. घाटात आई डोळे मिटून नागनाथाचं नाव घेत राहिली. आबांनी सगळी भातखाचरं बघितली आणि "रान बारकं हाय" एवढंच बोलले.

राखीव जागेच्या फाटकाशी मोठा फलक होता. त्यावर गुलाबी रोहित पक्ष्यांच्या थव्याचं चित्र होतं. ते पक्षी अजून आलेले नाहीत, महिनाभरानं येतील, हे चित्रात कुठे लिहिलेलं नव्हतं. खाली सूचना होत्या. शांतता राखा. भडक कपडे टाळा. पक्ष्यांना त्रास देऊ नका. आई पोपटी साडीत होती. आबांच्या डोक्याला लाल रुमाल होता. तिथली मार्गदर्शक म्हणजे माझ्याच वयाची एक बाई, खाकी जाकीट घातलेली, इतकी हळू बोलणारी की ही शिक्षिका असती तर हिनं वर्ग कसा आवरला असता असं मला वाटून गेलं. तिनं आबांच्या रुमालाकडे बघितलं. मग वयाकडे बघितलं आणि काही बोलली नाही.

"काका, पक्ष्यांची आवड आहे का तुम्हाला?" तिनं विचारलं.

"जन्म गेला त्यांच्यात," आबा म्हणाले.

बाईंचा चेहरा खुलला. "वा! कोणते पक्षी येतात तुमच्याकडे?"

"भोरड्या. हजारोनं."

"थव्यानं येत असतील ना? मग तुम्ही काय करता, नोंदी ठेवता का?"

"दग..." आबांनी सुरुवात केली, आणि मी मधेच विचारलं की इथं पिण्याच्या पाण्याची सोय आहे का. होती. बाईंनी तिकडे हात केला आणि आबांना फार मानानं पुढं घेतलं. पुढचा अर्धा तास त्या आबांना जाणकार समजून बोलत होत्या. आबा मान डोलवत होते. मी देवाचा धावा करत होते.

वाट खरोखर सपाट होती. खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून पूर्वी कुणीतरी मातीचा लांबलचक बांध घातलेला होता, त्याच्यावरूनच चालायचं होतं. आबा बांधाच्या तोंडाशी थांबले. पायानं माती दाबून बघितली.

"बांधावरनं जायचं व्हय? मंग तसं सांगायचं की."

आणि ते चालायला लागले. मागे हात बांधून, डावीकडे बघत, उजवीकडे बघत, कुठं खचलंय, कुठं फुटलंय ते तपासत. बांधावरून चालणं हे काम असतं. हे मला सुचलं नव्हतं. सहा महिने मी चालणं, चालणं म्हणून घसा कोरडा केला होता आणि शब्द होता बांध. आई माझ्या मागून चालत होती. तिनं माझा दंड दाबला. मी मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघींनाही रडू आलं असतं आणि ते बांधावर बरं दिसलं नसतं.

आबांना त्या जागेबद्दल काही शंका होत्या. एवढी जमीन कुणाची? सरकारची. पेरत का नाहीत? खारी आहे. नुसती पड हाय व्हय? पड आहे, पण पक्ष्यांसाठी ठेवलेली आहे. आबांनी हे ऐकून घेतलं. पाखरांसाठी ठेवलेली जमीन ही गोष्ट त्यांनी माझ्याकडे बघून दोनदा डोळ्यांनी विचारली. मी दोनदा मान हलवली.

थोडं पुढं गेलो तर पाणीच नव्हतं. आम्ही आलो तेव्हा लांब चमकत होतं, आता सगळीकडे चिखल. चिखलात बारके बारके पक्षी चोची खुपसत पळत होते. बाईंनी त्यांची नावं सांगितली. तुतवार, चिखल्या, आणखी काही. नवरा दुर्बिणीतून बघत "हो हो, दिसला" म्हणत होता. त्याला कधीच काही दिसत नाही, पण तो बोलणाऱ्याचं मन मोडत नाही.

"पानी कुठं गेलं?" आबांनी विचारलं.

"आत, समुद्रात," बाई म्हणाल्या. "ओहोटी आहे. थोड्या वेळानं भरती येईल, पाणी परत इथपर्यंत."

"रोज?"

"रोज दोनदा."

आबा थांबले. "इतक्या लांबून येतं, अन परत जातं?"

"हो."

"काम काय त्याचं इथं?"

बाईंनी चंद्राचं सांगितलं. आबांनी आदरानं ऐकलं. मग मला हळूच म्हणाले, "चंद्राचं असूंदे. पन त्याला कोनी इचारत न्हाई दिसतं, कुठं म्हनून."

भरतीच्या वेळी पक्षी एका जागी गोळा होतात, ती जागा बघायला बाईंनी आम्हाला पुढच्या बाकापाशी नेलं. तिथं आधीच काही माणसं मोठाले कॅमेरे तिवईवर लावून बसली होती. कुणी बोलत नव्हतं. पाणी खरंच येत होतं, आवाज न करता, चोरासारखं. उरलेल्या चिखलाच्या तुकड्यावर पक्षी दाटीनं बसले होते. चिखल दिसतच नव्हता, नुसते पक्षी. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. आई पदर तोंडाला लावून बसली. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, नवऱ्यानं सवलत वाया घालवली नाही ते बरं झालं.

तेवढ्यात थव्याचा एक भाग उठला. वर गेला, वळला, गोळा झाला, पसरला, पुन्हा गोळा झाला आणि ढगासारखा आमच्या बांधाच्या दिशेनं झुकला.

आबा उभे राहिले. मी त्यांचा हात कमरेकडे गेलेला पाहिला. तिथं गोफण नव्हती. मग त्यांनी डोक्याचा लाल रुमाल उपसला, गरगर फिरवला, आणि छातीतून जे काही होतं ते सगळं बाहेर काढलं.

"हाऽऽऽऽऽ हाऽऽऽऽऽर्या!"

खाडीच्या त्या तीरावरून या तीरापर्यंत जे काही पंखवालं होतं ते सगळं उडालं. बसलेले उडाले, उडालेले आणखी वर गेले, झाडातले बगळे उडाले, ज्यांचा आमच्याशी काही संबंध नव्हता असे कावळेही उडाले. आकाश भरून गेलं. हाक पलीकडच्या डोंगरावर आपटून परत आली आणि परत आलेलीही चांगली खणखणीत होती.

मग शांतता पसरली. फलकावर लिहिलेली शांतता हीच असावी.

कॅमेरेवाले आमच्याकडे वळून बघत होते. बाईंचं बोट अजून ओठांवरच होतं. नवरा दुर्बिणीतून समुद्राकडे बघायला लागला, म्हणजे तो आमच्यातला नाही असं दिसावं. आई म्हणाली, "सवय हाय त्यांची." जणू कुणी शिंकलं होतं.

मला लाज वाटायला हवी होती. थोडी वाटलीही असेल. पण खरं सांगते, मला इतका आनंद झाला होता की मी बाकाची पाठ धरून उभी होते. सहा महिन्यांत तो आवाज मी ऐकला नव्हता. तो गेला, संपला, आता कधी यायचा नाही असं मी मनाशी धरून चालले होते. तो तिथंच होता. सगळाच्या सगळा होता.

बाई रागावल्या. त्या हळूच रागावल्या, त्यामुळे जास्त लागलं. म्हणाल्या, "काका, हे पक्षी हजारो मैल उडून येतात. इथं पोट भरायला थांबतात. असं उठवलं की पुन्हा उडण्यात त्यांची ताकद जाते. तुमच्यासारख्या जाणकारानं..." आणि त्या थांबल्या.

आबांनी रुमाल हातातच धरला होता. "लांबून येतात?"

"हो. फार लांबून."

"भोरड्या बी?"

"भोरड्याही. मध्य आशियातून. तुमच्याकडची ज्वारी संपली की परत तिकडेच जातात."

आबा खाली बसले. रुमाल पुन्हा डोक्याला गुंडाळला. मग उठून कॅमेरेवाल्यांपुढं गेले आणि हात जोडून म्हणाले, "चुकी झाली. मला वाटलं वावरावर चालल्यात." एक जण आपल्या कॅमेऱ्यात काहीतरी बघत होता. तो हळूच म्हणाला, "काका, परत एकदा ओरडता का?" बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो तिवई आवरायला लागला.

परतीच्या वाटेवर आबांनी बांधाकडे बघितलंही नाही. मला वाटलं, झालं, पुन्हा बाज. पण ते दमले नव्हते. फाटकापाशी त्यांनी बाईंना विचारलं, "तुमी हाकलत न्हाई, मंग दिवसभर करता काय?"

"बघते," बाई म्हणाल्या.

"अन पगार?"

"त्याचाच मिळतो."

आबांनी त्यांना पुन्हा एकदा नीट बघून घेतलं. संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत आईनं यंत्र पुढं ठेवलं. तिसरी गोळी हलली. वर टेकली नाही, पण हलली. आई म्हणाली, "ओरडल्यानं मोकळं झालं." हे डॉक्टरांना विचारावं असं मी ठरवलं आणि विचारलं नाही.

गावी परतल्यावर लोकांनी विचारलं, कुठं गेला होतात? आबांनी सांगितलं, पाखरं बघायला. लोक म्हणाले, इथं न्हाईत का? आबा पुन्हा बाजेवर बसले. मी हिंगोलीला आले, शाळा सुरू झाली, आणि मला रात्रंदिवस तो बांध आठवायचा. आमच्या गावाभोवती भरती येणारं एखादं पाणी असतं तर, असा मूर्खासारखा विचारही मी केला.

मग एके दिवशी आईचा फोन आला. "तुझ्या बापानं जवारी पेरली."

सोयाबीन निघून रान मोकळं झालं होतं. तांड्यावरचे काका हरभरा टाकणार होते. आबांनी त्यांना ओढ्याकडची एक पट्टी सोडायला लावली आणि त्यात ज्वारी टाकली. काकांनी हातापाया पडून समजावलं होतं. चहूकडं हरभरा आणि मधे एवढीशी ज्वारी म्हणजे शिवारातली सगळी पाखरं तिथंच उतरणार. दाणा घरी यायचा नाही.

"येऊंद्या," आबा म्हणाले होते. "मी राखीन."

वेळ निघून गेलेली पेरणी, पण ज्वारी आली. काकांनी माळा बांधून दिला, बुटका, दोन पायऱ्यांचा, कारण चढ नको असं मी बजावलं होतं. कणसं भरली तशी आबा रोज सकाळी घरातून निघायला लागले. रस्त्यात लोक विचारत, "कुठं?" आबा म्हणत, "पाखरं राखायला." पुढं कुणी काही विचारत नसे. हे काम होतं, बराबर होतं, यात विचारण्यासारखं काही नव्हतं. जायला यायला मिळून डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं चालणं होत होतं आणि वर कुणाला पत्ता नव्हता.

हुरड्याच्या दिवसांत मी गेले. जाताना खुंटीकडे नजर गेली. गोफण तिथंच होती.

लांबूनच मला माळ्यावरचा लाल रुमाल दिसला. वावरात भोरड्या भरल्या होत्या. कणसाकणसावर बसल्या होत्या, भांडत होत्या, दाणे सांडत होत्या. आबा माझ्या नवऱ्याची दुर्बीण डोळ्यांना लावून त्यांच्याकडे बघत होते. जावईबापूंना तिच्यातून तसंही काही दिसत नव्हतं, म्हणून ती त्यांनी मागून घेतली होती.

"आबा, हाकला की! खाऊन राहिल्यात सगळं."

"थांब जरा," आबा दुर्बीण न काढता म्हणाले. "लांबून आल्यात."

तेवढ्यात ओढ्याकडून काका येताना दिसले. आबांनी झटकन दुर्बीण माझ्या हातात दिली, रुमाल उपसला, उभे राहिले आणि दणदणीत हाक दिली. थवा उठला. आमच्या डोक्यावरून गेला, वळला, गोळा झाला, पसरला, आणि काका बांधापलीकडे दिसेनासे होईपर्यंत हवेत राहून पट्टीच्या दुसऱ्या टोकाला बसला. आबा खाली बसले आणि त्यांनी दुर्बिणीसाठी हात पुढं केला.

मी दुर्बीण दिली. दोघं बघत बसलो.

ज्वारी निघाली तेव्हा आईच्या वाट्याला पाटीभर दाणे आले. तिनं त्यांच्या भाकरी करून आम्हाला वाढल्या आणि म्हणाली, "पाखरांचं उष्टं हाय, निवांत खा." नांदेडचे डॉक्टर आबांना तपासून खूश झाले. काय केलंत, म्हणाले. आबा म्हणाले, "राखन." डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं. मी सांगितलं, चालले. तिसरी गोळी तोवर वर टेकायला लागली होती.

आता उन्हाळा लागलाय. रान उघडं पडलंय, ज्वारीची धसकटंही काकांनी उपटून टाकलीत. भोरड्या गेल्या असतील, जिथून आल्या तिथं. माळा मात्र आबांनी काढू दिलेला नाही. ते अजून रोज सकाळी निघतात. लोक विचारतात, "कुठं?" आबा सांगतात, "पाखरं राखायला." लोक मान हलवतात. आमच्या गावात उत्तर लागतं, पीक कुणी बघायला जात नाही.

शाळेत निघायच्या आधी मी रोज घरी फोन लावते. आईला एकच विचारते, ओरडले का? कधी आई म्हणते, अजून न्हाई, थांब. मग आम्ही दोघी फोन तसाच धरून गप्प बसतो. आई चुलीशी असते, मी दारात चपला घालून उभी. पलीकडून आधी भांड्याचा आवाज येतो, कोंबड्याचा येतो. मग ओढ्यापलीकडून, उघड्या रानातून, जिथं एक पाखरू नाही आणि एक कणीस नाही तिथून, ती हाक येते.

"आली," आई म्हणते आणि न्याहारी बांधायला उठते.